संमेलनाच्या मंडपात फँटसी कादंबरीकाराची मुलाखत कशी घ्यावी

बेळगाव तालुक्यातील कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमनी या गावांत आणि खानापूर तालुक्यात माचीगडसारख्या ठिकाणी भरणाऱ्या ग्रामीण मराठी साहित्य संमेलनांत ग्रंथदिंडी, अध्यक्षीय भाषण, कथाकथन आणि कविसंमेलन यांच्या जोडीला लेखकाची प्रकट मुलाखत ठेवली, तर ती श्रोत्यांना मनापासून आवडते. आत्मकथनकार, ग्रामीण कथाकार किंवा कवी यांना बोलते करण्याचा सराव आपल्याकडील अनेक शिक्षकांना आणि प्राध्यापकांना आहे. मात्र अद्भुत जग रचणाऱ्या, म्हणजे ज्याला आज आपण सर्रास फँटसी म्हणतो ते लिहिणाऱ्या कादंबरीकाराला नव्या पुस्तकाच्या निमित्ताने बोलावले, की मुलाखतकार दोन टोकांपैकी एक टोक गाठतो. एक तर तो पुस्तक बाजूला ठेवून बालपण, वाचन आणि पुरस्कार यांविषयी विचारत राहतो. नाही तर शेवटची पाच मिनिटे उरली असताना ‘तुमचे जीवनविषयक तत्त्वज्ञान काय?’ असा प्रश्न टाकतो. या प्रश्नाला कोणताही भला माणूस जे उत्तर देईल तेच उत्तर मिळते आणि कादंबरी मंडपाबाहेरच राहते.

माझे म्हणणे असे आहे की अद्भुत कादंबरी लिहिणाऱ्याची जीवनदृष्टी त्याने रचलेल्या जगाच्या नियमांत असते आणि ती तिथूनच काढून घ्यावी लागते. वास्तववादी कादंबरीत पाऊस का पडतो, माणूस का मरतो, पैसा कुणाकडे जातो हे लेखकाने ठरवलेले नसते. फँटसीत मात्र हे सगळे त्याने एकट्याने ठरवलेले असते. मृत्यूनंतर काय होते, मंत्राची किंमत कोण मोजतो, देव चुकतात की नाही, राजा जन्माने होतो की कर्माने, यांतील प्रत्येक निर्णय हा त्या लेखकाने जगाविषयी घेतलेला निर्णय असतो. तेव्हा मुलाखतकाराने आपली सगळी तयारी या निर्णयांभोवती करावी. ती कशी करावी, हे पुढे क्रमाने सांगतो.

पुस्तक दोनदा वाचावे

मुलाखत ठरल्याबरोबर कादंबरी हातात पडली पाहिजे आणि ती किमान महिनाभर आधी मिळावी असा आग्रह आयोजकांकडे धरावा. नवी पुस्तके खेड्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, म्हणून प्रकाशकाकडून थेट प्रती मागवणे बरे. शक्य असल्यास एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालापासून चालत आलेले आहे; शहरात जाणे-येणे असणाऱ्यांनी तिथेही कादंबरीची आणि लेखकाच्या आधीच्या पुस्तकांची चौकशी करावी. संमेलनाआधी गावातील पाच-सात जणांनी जरी पुस्तक वाचलेले असले, तरी मंडपातील वातावरण बदलते, कारण मुलाखतकाराच्या प्रश्नातील अर्धी गोष्ट समोर बसलेल्यांनाही ठाऊक असते.

पहिले वाचन हातात पेन्सिल न घेता करावे. कुठे जीव गुंतला, कुठे कंटाळा आला, कुठे रडू आले एवढेच लक्षात ठेवावे, कारण श्रोत्याचा अनुभव याच वाचनासारखा असणार आहे. दुसऱ्या वाचनात वही घ्यावी आणि पाच गोष्टींची पृष्ठक्रमांकासह नोंद करावी: या जगात आपल्या जगापेक्षा काय वेगळे शक्य आहे, काय अजूनही अशक्य ठेवले आहे, शक्तीची किंमत कोण मोजतो, कोणाला क्षमा मिळते आणि कोणाला मिळत नाही, आणि नकाशा कुठे संपतो. यांतील दुसरी नोंद सर्वांत मोलाची असते. ज्या लेखकाने माणसांना उडायला शिकवले, पण मेलेल्याला परत आणू दिले नाही, त्याने तो दरवाजा जाणूनबुजून बंद केलेला असतो. तो का बंद केला, हा मुलाखतीतील उत्तम प्रश्न ठरू शकतो.

नोंदी करताना पुस्तकाची आवृत्ती कोणती आहे तेही लिहून ठेवावे. दुसऱ्या आवृत्तीत पाने बदललेली असतात आणि मंचावर चुकीचे पान उघडले, तर वेळ आणि लय दोन्ही जातात.

लेखकाला एखाद्या परंपरेत उभे करायचे असेल, तर ती परंपरा नीट माहीत करून घ्यावी. मराठीत फँटसी परदेशातून आली असे परिचयात सांगणे चुकीचे ठरेल. मराठीतील आरंभीची कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो ती ‘यमुनापर्यटन’ १८५७ची. तिचे कर्ते बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावातच झाला. ती कादंबरी विधवांच्या खऱ्या दुःखाविषयी आहे. त्यानंतर चारच वर्षांनी, १८६१ साली, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची अद्भुतरम्य ‘मुक्तामाला’ आली आणि पुढे तिच्या वळणाच्या कादंबऱ्यांची रांग लागली. म्हणजे खरे जग दाखवणारी आणि रचलेले जग दाखवणारी अशा दोन्ही वाटा मराठी कादंबरीत जवळजवळ एकाच वेळी सुरू झाल्या. त्यातील एका वाटेचा आरंभ आपल्या गावच्या माणसाने केला, हे बेळगाव परिसरातील श्रोत्यांना दोन वाक्यांत सांगितले तर पाहुणा लेखकही परका वाटत नाही. शिवाय श्रोत्यांमधील वडीलधाऱ्यांनी श्रावणात पांडवप्रताप आणि नवनाथांची पोथी ऐकलेली असते. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात अडकले आणि गोरक्षनाथांनी त्यांना तिथून सोडवून आणले, ही गोष्ट ज्यांना पाठ आहे त्यांना अद्भुत म्हणजे काय हे समजावत बसावे लागत नाही.

लेखकाशी आधी एकदा बोलावे

संमेलनाच्या आठ-दहा दिवस आधी लेखकाला फोन करावा आणि तो प्रश्न सांगण्यासाठी करू नये. या फोनवर चार बाबी ठरवायच्या असतात. कथानकातील कोणते रहस्य मंचावर उघड करायचे नाही, हे लेखकाकडून स्पष्ट करून घ्यावे, कारण पुस्तक विकत घेणारा वाचक त्याच मंडपात बसलेला असतो. वाचनासाठी दोन-तीन मिनिटांचा उतारा त्याच्याकडूनच निवडून घ्यावा. कौटुंबिक किंवा आजारपणाच्या कोणत्या विषयावर बोलायचे नाही, हे संकोच न करता विचारावे. आणि पुस्तकातील काल्पनिक व्यक्तींच्या, गावांच्या नावांचे उच्चार एकदा ऐकून लिहून घ्यावेत. लेखकाने वर्षानुवर्षे मनात बाळगलेल्या नायिकेचे नाव आपण चारशे लोकांसमोर चुकीचे उच्चारले, तर तो पुढचा अर्धा तास सावधपणे बोलतो. परिचयातील जन्मगाव, पुस्तकांची नावे आणि साले हीही याच वेळी पडताळून घ्यावीत.

लेखक आदल्या दिवशी आला, तर आपण त्याला हलशीचे मंदिर किंवा राजहंसगड दाखवायला नेतो आणि ते योग्यच आहे. मात्र गाडीत मुलाखतीचा एकही महत्त्वाचा प्रश्न काढू नये. एकदा दिलेले उत्तर दुसऱ्यांदा देताना माणूस ते आवरून, घासूनपुसून देतो आणि पहिल्या उत्तरातील शोध त्यात राहत नाही. वाटेत भाताची मळणी, उसाची तोड, मलप्रभेचा उगम अशा विषयांवर भरपूर बोलावे. त्याला आपला मुलूख कळला तर तो श्रोत्यांशीही मोकळेपणाने बोलतो.

नियमापासून माणसापर्यंत

आता मुख्य काम. प्रश्नांची यादी करताना मोठ्या प्रश्नाने सुरुवात करू नये, नियमाने करावी. हे कसे साधते ते एका कल्पित उदाहरणाने दाखवतो. समजा, पाहुण्या लेखकाच्या नव्या कादंबरीत एक नदी आहे. तिच्या काठावर उभे राहून काहीही मागितले तर ती देते, पण बदल्यात मागणाऱ्याची एक आठवण कायमची घेऊन जाते. नायिका आपल्या आजारी भावासाठी नदीकडे जाते, भाऊ बरा होतो आणि तिला आईचा चेहरा आठवेनासा होतो.

‘या नदीचे प्रतीक तुम्हांला कसे सुचले?’ असे विचारले की लेखक लहानपणच्या नदीविषयी सांगू लागतो आणि आपण पुन्हा बालपणात जातो. त्याऐवजी पहिला प्रश्न अगदी व्यवहाराचा असावा: कोणती आठवण जाणार हे मागणारा ठरवतो की नदी? या प्रश्नाला लेखकाकडे नेमके उत्तर असते, त्यामुळे तो सहज बोलू लागतो, आणि ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांनाही खेळाचे नियम कळतात. दुसरा प्रश्न नियमाच्या कडेचा असावा: एखाद्या सावकाराने आपल्यासाठी वरदान मागायला गड्याला पाठवले, तर आठवण कुणाची जाते? येथे लेखक थबकण्याची शक्यता असते. कदाचित त्याने याचा विचार केला असेल आणि तिसऱ्या भागात त्याचे उत्तर असेल. कदाचित केला नसेल आणि तो तिथेच विचार करू लागेल. दोन्ही गोष्टी श्रोत्यांसाठी मोलाच्या आहेत, कारण या प्रश्नातून त्याच्या जगातील न्याय-अन्यायाची कल्पना उघडी पडते. दुसऱ्याच्या दुःखावर आपले सुख विकत घेता येते की नाही, हे त्याने कसे ठरवले आहे ते कळते.

तिसरा प्रश्न पात्राचा असावा: नायिकेला पुन्हा त्या काठावर उभे केले आणि काय जाणार हे आधी सांगितले, तरी ती मागेल का? आणि यानंतरच, आवाज जरा खाली आणून, चौथा प्रश्न लेखकाला स्वतःला विचारावा: तुमची अशी कोणती आठवण आहे की जिच्या बदल्यात तुम्ही काहीच मागितले नसते? येथपर्यंत आलेला लेखक घोटून ठेवलेले वाक्य देऊ शकत नाही. तो आपल्या नियमांनी बांधला गेलेला असतो आणि त्या नियमांच्या आत राहून त्याला आपल्या आयुष्याविषयी बोलावे लागते. जीवनदृष्टी हा शब्द एकदाही न वापरता ती मंडपात येते.

चारच पायऱ्या आहेत: नियम, नियमाची कड, पात्र आणि लेखक. प्रत्येक कादंबरीतून अशा दोन किंवा फार तर तीन जिन्यांची तयारी करावी. पाऊण तासाच्या मुलाखतीत दोन जिने नीट चढून झाले तरी पुष्कळ झाले.

ही रीत का चालते याचा पुरावा मोठ्या लेखकांच्या कामात सापडतो. अर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेच्या ‘अर्थसी’ या काल्पनिक द्वीपसमूहावरील मालिकेतील पहिली कादंबरी १९६८ची. त्या द्वीपसमूहात वस्तूचे किंवा माणसाचे खरे नाव ज्याला ठाऊक आहे त्याची सत्ता तिच्यावर चालते, आणि प्रत्येक जादूमुळे जगाचा तोल थोडासा ढळतो. ले ग्विन आयुष्यभर ‘ताओ ते चिंग’ हा निसर्गाशी तोल राखून जगण्याचा विचार सांगणारा प्राचीन चिनी ग्रंथ वाचत आल्या होत्या आणि १९९७ साली त्यांनी त्या ग्रंथाची स्वतःची इंग्रजी मांडणीही प्रसिद्ध केली. ज्याने कादंबरीतील तोलाचा नियम नीट लक्षात घेतला त्याला त्यांची श्रद्धा शोधायला वेगळे भाषण लागले नसते. हे उदाहरण आपल्या भागात सांगितले तर लगेच पोहोचते, असा माझा विश्वास आहे. ज्या शेतकऱ्याने जमिनीच्या उताऱ्यावर आपले आडनाव कन्नड लिपीत पाहिले आहे आणि एका अक्षराच्या फरकासाठी तालुका कचेरीचे खेटे घातले आहेत, त्याला नावात सत्ता असते हे कुणी सांगावे लागत नाही.

श्रोत्यांच्या परिचयातील जागेशी नियम जोडता आला तर तो जरूर जोडावा, पण प्रश्नाआधी, एका वाक्यात. हुक्केरी तालुक्यात घटप्रभेवरील हिडकल धरणाच्या पाण्याखाली गेलेले हुन्नूरचे विठ्ठल मंदिर पाणी ओसरले की पुन्हा दिसू लागते आणि लोक दर्शनाला जातात. लेखकाच्या कादंबरीत बुडालेले नगर असेल, तर त्या मंदिराचा उल्लेख करून विचारावे: तुमच्या बुडालेल्या नगरात देव अजून राहतो का? ज्यांची शेते त्याच पाण्याखाली गेली, त्यांची पुढची पिढी समोर बसलेली असू शकते. त्यांच्यासाठी हा प्रश्न काल्पनिक राहत नाही आणि लेखकालाही ते जाणवते.

तारखा तपासल्याशिवाय आयुष्य जोडू नये

लेखकाच्या आयुष्यातील घटना आणि कादंबरीतील प्रसंग यांची सांगड घालण्याचा मोह मुलाखतकाराला फार होतो. घरात कुणाचे निधन झाले आणि कादंबरीत मृत्यू आहे, म्हणजे एकामुळे दुसरे आले, असे तो गृहीत धरतो. टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाचे उदाहरण येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेत मृत्यू हे चालते-बोलते, विचारी, मांजरांवर प्रेम करणारे पात्र आहे. डिसेंबर २००७ मध्ये त्यांनी आपल्याला अल्झायमर झाल्याचे जाहीर केले, त्यानंतरही ते लिहीत राहिले आणि मार्च २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. आजार डोळ्यांसमोर ठेवून वाचणाऱ्याला हे पात्र आजारातून आले असे सहज वाटेल. प्रत्यक्षात मृत्यू हे पात्र १९८३ सालच्या पहिल्याच पुस्तकात आहे. तेव्हा योग्य प्रश्न ‘आजारामुळे तुम्ही मृत्यूकडे वळलात का?’ हा ठरत नाही. ‘ज्याच्याशी तुम्ही इतकी वर्षे पानांवर बोलत होता तो प्रत्यक्ष जवळ आल्यावर त्याचे बोलणे बदलले का?’ हा ठरतो. पाहुण्याच्या बाबतीतही पुस्तकाचे लेखन कधी सुरू झाले आणि कधी संपले हे आधी विचारून ठेवावे. पुष्कळदा प्रकाशनाच्या सालापेक्षा लेखनाची सुरुवात कितीतरी जुनी निघते.

सीमेचा प्रश्न

आपल्या मंचावर एक प्रश्न येणारच. १९४६ साली बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, १९५६च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले आणि तेव्हापासून येथील साहित्यिक व्यासपीठ आणि सीमाप्रश्न हे वेगळे काढता येत नाहीत. यात गैर काहीच नाही. आपल्या लोकांचे दुःख आपल्या मंडपात बोलले जाणारच आणि ते बोलले गेले पाहिजे. पण पाहुण्या कादंबरीकाराला ‘तुमच्या कादंबरीतील ते जुलमी राज्य म्हणजे आमचाच प्रश्न ना?’ असे विचारले, तर त्याच्यापुढे हो म्हणून टाळ्या घेणे किंवा नाही म्हणून लोकांना दुखावणे एवढेच उरते. दोन्ही उत्तरांत कादंबरी लहान होते.

जे. आर. आर. टोल्कीन यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या आपल्या महाकादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत, ती दुसऱ्या महायुद्धाचे रूपक आहे हा तर्क स्पष्टपणे नाकारला आणि रूपकांविषयीची नावडही बोलून दाखवली. त्याच प्रस्तावनेत त्यांनी हेही लिहिले आहे की १९१८पर्यंत त्यांच्या जिवलग मित्रांपैकी एक सोडून सगळे मरण पावले होते. ते स्वतः १९१६ साली पहिल्या महायुद्धातील सोमच्या लढाईत होते. म्हणजे कादंबरी एखाद्या युद्धाचा सांकेतिक अहवाल नाही. तरीही युद्ध पाहिलेल्या माणसानेच ती लिहिली आहे. मुलाखतकाराने ही दोन्ही सत्ये एकाच वेळी धरून ठेवावीत.

म्हणून सीमेविषयी विचारताना कादंबरीच्याच सीमेवर जावे. नकाशावरील त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना कोण राहते? पहारेकरी कोणत्या भाषेत हटकतो? आठवड्याचा बाजार कोणत्या बाजूला भरतो आणि पलीकडची माणसे तिथे येऊ शकतात का? रेषेच्या अलीकडे दिलेली मुलगी माहेरी कशी जाते? हे प्रश्न ऐकताना निपाणी, खानापूर किंवा बेळगावच्या श्रोत्याला ते कुठून आले आहेत हे सांगावे लागत नाही, आणि लेखकाला मात्र आपल्या पुस्तकाविषयी पूर्ण मोकळेपणाने बोलता येते. त्यानंतर तो आपणहून या भागाविषयी काही बोलला, तर ते शब्द त्याचे असतात आणि म्हणून त्यांना वजन असते.

प्रत्यक्ष मंचावर

ग्रंथदिंडी, उद्घाटन, सत्कार आणि पाहुण्यांची मनोगते यांत वेळापत्रक पुढे सरकते हे गृहीत धरावे. पाऊण तासाची मुलाखत वीस मिनिटांवर आली तर काय ठेवायचे, हे घरीच ठरवून आणावे. माझ्या मते अशा वेळी परिचय चार वाक्यांत आटोपावा, वाचन ठेवावे आणि एकच जिना पूर्ण चढावा. अनेक विषयांना हात लावून सगळे अर्धवट सोडू नये. ग्रामपंचायतीचे अध्यक्ष किंवा देणगीदार मध्येच आले आणि त्यांचे स्वागत करणे भाग असेल, तर ते दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत करावे, उत्तराच्या मध्ये कधीही करू नये. हे सूत्रसंचालकाला आधीच सांगून ठेवावे.

दोन खुर्च्या श्रोत्यांकडे तोंड करून सरळ न मांडता एकमेकींकडे किंचित वळवून मांडाव्यात, म्हणजे लेखक सभेला उद्देशून भाषण न करता आपल्याशी बोलतो. दोघांना स्वतंत्र माइक असावेत. एकच माइक इकडून तिकडे देत राहिल्याने प्रत्येक उत्तराचा पहिला शब्द हरवतो. मांडीवर वही चालेल, पण प्रश्न वाचून दाखवू नये. लेखक उत्तर देऊन थांबला की लगेच पुढचा प्रश्न विचारण्याची घाई करू नये. मनातल्या मनात तीन आकडे मोजावेत. पुष्कळ वेळा खरे वाक्य त्या थांबण्यानंतर येते. आणि मुलाखतकाराने स्वतःचे मत, स्वतःचे वाचन, स्वतःची कविता यांना या वेळेत जागा देऊ नये. मंडपातील लोक पाहुण्याला ऐकायला आलेले असतात.

वाचनाचा उतारा मुलाखतीच्या सुरुवातीला ठेवण्यापेक्षा पहिल्या दोन प्रश्नांनंतर ठेवावा. नियम कळल्यावर ऐकलेला उतारा कानात बसतो.

श्रोत्यांचे प्रश्न

मोकळा माइक दिला की प्रश्नांऐवजी भाषणे होतात, म्हणून चिठ्ठ्या घेणे चांगले. कार्यकर्त्यांनी मुलाखत सुरू होतानाच कोरे कागद वाटावेत. शाळेतील मुलांच्या चिठ्ठ्या वेगळ्या ठेवून त्यांपैकी निदान दोन घ्याव्यातच. राक्षस काय खातो, उडणारा घोडा म्हातारा होतो का, असे मुले विचारतात, आणि हे प्रश्न नियमांचेच असल्यामुळे लेखक त्यांना जीव लावून उत्तरे देतो. काही मुले कन्नड माध्यमात शिकणारी असतात आणि घरी मराठी बोलतात. त्यांची चिठ्ठी कन्नडमध्ये आली तर ती बाजूला न ठेवता मुलाखतकाराने तिचा आशय मराठीतून लेखकाला सांगावा आणि ज्या मुलाने ती लिहिली त्याचे नाव घेऊन उत्तर मागावे. शेजारच्या गावातील कन्नडभाषक वाचकाने विचारले तरी हीच रीत ठेवावी. रचलेल्या जगाविषयीची उत्सुकता कोणत्या भाषेतून आली यावर तिची किंमत ठरू नये, असे मला मनापासून वाटते.

ज्या चिठ्ठीत कथानकाचा शेवट विचारलेला असेल ती वाचूनही दाखवू नये.

शाल, श्रीफळ आणि कुंद्याचा पुडा देऊन सत्कार झाला की लेखकाला थेट जेवणाकडे नेऊ नये. पुस्तकविक्रीच्या टेबलाजवळ त्याला अर्धा तास बसवावे, शेजारी पाणी ठेवावे आणि रांगेची व्यवस्था पाहायला एक कार्यकर्ता नेमावा. मंचासमोर बोलायला बिचकणारी माणसे तिथे बोलतात.

मुलाखतीनंतरचे लेखन

मुलाखत वृत्तपत्रात किंवा स्मरणिकेत छापायची असेल, तर ध्वनिमुद्रण मंचावरील माइकच्या जोडणीतून घ्यावे. मांडीवरील मोबाइलमध्ये पंख्याचा आवाज जास्त येतो. ऐकून लिहिताना लेखकाची वाक्ये तोडायला हरकत नाही, पण जोडू नयेत. दोन वेगळ्या उत्तरांतील अर्धी-अर्धी वाक्ये एकत्र करून तयार केलेले सुबक वाक्य अवतरणचिन्हांत छापणे म्हणजे त्याने न केलेले विधान त्याच्या तोंडी घालणे होय. जीवनाविषयी तो जे बोलला ते कोणत्या प्रश्नाच्या ओघात बोलला हेही छापील मजकुरात दिसले पाहिजे. नदीच्या नियमाविषयी बोलता बोलता आईच्या आठवणीवर आलेले उत्तर ‘जीवनदृष्टी’ अशा मथळ्याखाली एकटेच छापले, तर त्याचे सुभाषित होते आणि कादंबरीशी असलेले त्याचे नाते तुटते.

मजकूर तयार झाला की तो लेखकाला पाठवून नावांचे लेखन, साले आणि रहस्यभंग होईल अशी वाक्ये तपासून घ्यावीत. त्याने एखादे मत बदलून मागितले, तर मूळ मत तसेच ठेवून नव्या मताची स्वतंत्र टीप द्यावी, कारण चारशे लोकांनी पहिले मत ऐकलेले असते. तपासलेल्या मजकुराची एक प्रत आणि ध्वनिमुद्रण गावच्या वाचनालयात कादंबरीसोबत ठेवायला द्यावे आणि नोंदवहीत दोन्हींचा क्रमांक शेजारी शेजारी लावून घ्यावा, म्हणजे पुस्तक घरी नेणाऱ्याला मुलाखतही मागता येईल.